अर्धा तास हलू नका

नमस्कार श्रोतेहो.

शेवटचा एक मोठा हात मारायचा आणि मग शहर सोडून कायमचं पसार व्हायचं. दरोड्याच्या गोष्टींत हा बेत इतक्यांदा येतो की तो आपल्याला पाठ झालाय. असा बेत करणारा बहुतेक वेळा एखाद्या नाइट क्लबचा मालक असतो. पोलिसांशी तोंडओळख असलेला, चार वाईट माणसं खिशात बाळगणारा. आज मी ज्याच्याबद्दल बोलणार आहे तो मात्र गोष्टीतला नाही. रोनाल्ड एडवर्ड्स त्याचं नाव, पण सगळे त्याला बस्टर म्हणत. एके काळचा बॉक्सर, पुढे लंडनमध्ये क्लब चालवणारा, आणि १९६३ साली इंग्लंडमध्ये टपालगाडी लुटणाऱ्या टोळीतला एक. तीच ती ‘ग्रेट ट्रेन रॉबरी’.

ही हकीकत अनेकांनी अनेकदा सांगितली आहे, आणि सांगताना दरोडेखोरांचं कौतुकच जास्त झालंय. मला त्यातल्या दोन गोष्टींविषयी बोलायचंय. गाडी थांबवायची कशी, याचा बेत त्यांनी मिनिटामिनिटाचा हिशेब करून आखला होता. पैसे हातात आल्यावर काय करायचं, हा भाग मात्र त्यांनी दुसऱ्यांवर सोडला. आणि दुसरी गोष्ट इंजिनात बसलेल्या माणसाची.

आपल्याकडे एके काळी आरएमएसच्या, म्हणजे रेल्वे टपाल सेवेच्या डब्यांत धावत्या गाडीत रात्रभर पत्रांची छाननी चालायची. ग्लासगोहून लंडनला येणारी ती गाडीही तशीच होती. बारा डबे, सत्तरेक टपाल कर्मचारी. इंजिनापासून दुसऱ्या डब्यात किमती पाकिटं, म्हणजे बँकांच्या नोटांच्या थैल्या असत. एरवी तीन लाख पौंडांच्या आसपास ऐवज असे. पण स्कॉटलंडमध्ये बँकांना सुट्टी होऊन गेली होती, त्यामुळे त्या रात्री थैल्या कितीतरी जास्त होत्या.

८ ऑगस्ट १९६३. पहाटेचे तीन वाजून गेले होते. बकिंगहॅमशायरमध्ये सिअर्स क्रॉसिंगला ड्रायव्हर जॅक मिल्स यांना लाल दिवा दिसला. तो दिवा खोटा होता. हिरव्या दिव्यावर हातमोजा चढवला होता आणि लाल दिवा बॅटरीवर पेटवला होता. मिल्स यांनी नियमाप्रमाणे गाडी उभी केली. त्यांचा सहायक डेव्हिड व्हिटबी, सव्वीस वर्षांचा पोरगा, रुळांलगतच्या फोनवरून चौकशी करायला खाली उतरला. फोनच्या तारा कापलेल्या होत्या. परत फिरताना त्याला धरलं आणि बांधाखाली ढकललं. इकडे तोंडं झाकलेली माणसं इंजिनात चढली. मिल्स यांनी प्रतिकार केला, तेव्हा त्यांच्या डोक्यात घाव घातला गेला.

इंजिन आणि पुढचे दोन डबे सोडवून पुढच्या पुलापर्यंत न्यायचे होते. त्यासाठी टोळीने स्वतःचा ड्रायव्हर आणला होता. त्याला ते इंजिन चालवताच येईना. मग डोक्यातून रक्त गळत असलेल्या मिल्स यांनाच पुन्हा जागेवर बसवलं आणि गाडी न्यायला लावली. इतका बारीक विचार केलेल्या बेतात या एका कामाला कोणी उपयोगी पडलं असेल, तर ज्याला त्यांनी मारलं होतं तोच माणूस. या प्रसंगाला ‘सज्जन चोरांची करामत’ म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

पुलाजवळ माणसांची रांग लावून १२० थैल्या खाली लॉरीत उतरवल्या. २६ लाख ३१ हजार ६८४ पौंड, बहुतेक एक आणि पाच पौंडांच्या वापरलेल्या नोटा. अर्ध्या तासाच्या आत काम संपलं. निघताना त्यांनी टपालवाल्यांना दम भरला, “अर्धा तास हलू नका.”

आणि हेच वाक्य त्यांना नडलं. पोलिसांनी त्यावरून अंदाज बांधला की टोळीचा अड्डा अर्ध्या तासाच्या वाटेवर असणार. तीस मैलांच्या परिसरात शोध सुरू झाला. खरोखरच टोळी २७ मैलांवरच्या लेदरस्लेड फार्म या एकाकी शेतघरात होती. रविवारपर्यंत तिथे राहायचं ठरलं होतं. पण पोलिसांच्या वायरलेसवरून शोधाची कुणकुण लागली आणि सगळे घाईने पांगले. मागे राहिलेल्या खुणा पुसायचं काम दुसऱ्या कोणाला तरी पैसे देऊन सोपवलं होतं. ते कोणी केलंच नाही. १३ ऑगस्टला पोलीस घरात शिरले, तेव्हा टपालाच्या रिकाम्या थैल्या, अंथरुणं, खाण्याचे डबे सगळं तसंच पडलेलं होतं. मोनोपोलीच्या खेळावर, केचपच्या बाटलीवर बोटांचे ठसे मिळाले. एकेक करून माणसं सापडत गेली. १९६४च्या एप्रिलमध्ये एल्सबरीच्या न्यायालयात सात जणांना प्रत्येकी तीस वर्षांची शिक्षा झाली.

बस्टर एडवर्ड्स मात्र निसटला. जर्मनीत जाऊन त्याने चेहऱ्यावर शस्त्रक्रिया करून घेतली, मग बायको आणि लहान मुलीला घेऊन मेक्सिको गाठलं. त्याच्या वाट्याला सुमारे दीड लाख पौंड आले होते. त्या काळात ही रक्कम आयुष्यभर पुरली असती. पण ती जगासमोर उघडपणे वापरायची सोय नव्हती. पैसे सांभाळणारा आपला हिस्सा घेणार, ते देशाबाहेर काढणारा घेणार, खोटी कागदपत्रं करणारा घेणार, गप्प बसणाराही घेणार. तक्रार करायची तर कोणाकडे? चोरीचा पैसा लुबाडला गेला म्हणून कोणी पोलिसांत जात नाही. वर परका देश, परकी भाषा. घरच्यांना लंडनची ओढ लागली आणि पैसा संपत आला. १९६६ साली एडवर्ड्स आपण होऊन इंग्लंडला परतला, पोलिसांच्या स्वाधीन झाला. पंधरा वर्षांची शिक्षा झाली, नऊ वर्षं भोगून तो १९७५ साली सुटला. त्यानंतर वॉटर्लू स्टेशनबाहेर तो फुलं विकत असे. ज्या शहरातून पळून जायचं होतं, त्याच शहरात, रोज हजारो लोक ये-जा करतात त्या रस्त्यावर. त्याच्या आयुष्यावर १९८८ साली चित्रपटही निघाला. १९९४ साली, वयाच्या ६३व्या वर्षी, तो एका गॅरेजमध्ये मृतावस्थेत सापडला. त्या माणसाची कीव येते, हे मी नाकारत नाही.

पण कीव वाटून घ्यायचीच असेल, तर ती आधी इंग्लंडमधल्या क्रू या गावच्या जॅक मिल्स यांच्या वाट्याला जायला हवी. त्यांची डोकेदुखी शेवटपर्यंत सुटली नाही, पूर्वीसारखं काम त्यांच्याकडून पुन्हा झालं नाही. १९७० साली ते गेले, ल्युकेमियाने. डॉक्टरांनी मृत्यूचा संबंध त्या घावाशी जोडला नाही, तरी सात वर्षांचं ते दुखणं कुठल्या कागदावर नोंदवलं जाणार? डेव्हिड व्हिटबी १९७२ साली हृदयविकाराने गेला, तेव्हा तो फक्त ३४ वर्षांचा होता. दरोडेखोरांतल्या काहींनी आत्मचरित्रं लिहिली, मुलाखती दिल्या. मिल्स यांची मुलाखत ऐकायला कोणी फारसं थांबलं नाही.

लुटीतली बहुतेक रक्कम कधीच हाती लागली नाही. तो पूल आज इंग्लंडमध्ये दरोडेखोरांच्या नावाने ओळखला जातो. मिल्स यांचं नाव मिळालं ते एका विजेच्या इंजिनाला, दरोड्यानंतर कितीतरी वर्षांनी. ‘ड्रायव्हर जॅक मिल्स’ अशी पाटी त्याच्या अंगावर लावली गेली.