मागच्या दाराची शेव्हरोले

[दृश्य: नाशिकजवळचं मखमलाबाद. द्राक्षबागेतली पत्र्याची शेड.]

हंगाम संपला की या शेडमध्ये क्रेट रचून ठेवतात, पार छताला टेकेपर्यंत. ते बाजूला काढत गेलं की आधी दिसतं एक मडगार्ड, मग दिव्याची रिकामी खोबण, आणि मग ही उंच, चौकोनी, काळी गाडी.

मळ्यात सगळे तिला पाण्याची गाडी म्हणतात. मळ्याचे आणि गाडीचे मालक नाना. त्यांच्या आजोबांनी ती घेतली होती इंजिनासाठी. मागचं एक चाक काढायचं, तिथे पट्टा चढवायचा आणि विहिरीवरचा पंप चालवायचा. त्या काळी असं पुष्कळ ठिकाणी चालायचं. पुढे मळ्यात वीज आली, पट्टा उतरला, गाडी शेडमध्ये गेली. इंजिन पिळून निघालं होतं, पण वरच्या बॉडीला कुणी हातही लावला नव्हता. आज आपल्याला ती बघायला मिळते ती एवढ्यामुळेच.

[दृश्य: नाशिकच्या द्वारका परिसरातलं गॅरेज. गाडी ट्रकवरून उतरते.]

खालची गाडी ओळखायला वेळ लागला नाही. शेव्हरोले, १९२९ची. चार सिलिंडरच्या जागी सहा सिलिंडरचं इंजिन कंपनीने त्याच वर्षी आणलं. १९४ घनइंच, म्हणजे साधारण ३.२ लिटर, ताकद ४६ अश्वशक्ती. व्हॉल्व्ह वरच्या बाजूला, हेडमध्ये. शेव्हरोलेच्या मालक कंपनीने, जनरल मोटर्सने, त्याच्या आदल्या वर्षी, १९२८ला, मुंबईत शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली होती. सुटे भाग खोक्यांत भरून बोटीने यायचे आणि इथे जोडले जायचे.

पण सगळ्याच गिऱ्हाइकांना कंपनीची बॉडी नको असायची. नुसती चेसिस म्हणजे खालचा सांगाडा, इंजिन आणि पुढचं बोनेट एवढंच घ्यायचं आणि वरचं आपल्या सुताराकडून, लोहाराकडून बांधून घ्यायचं, हीही तेव्हाची सर्रास रीत. संस्थानिक तसं करायचे, प्रवासी वाहतूक करणारे सर्व्हिस मोटारवाले तसं करायचे. ही गाडी त्याच वाटेने आलेली. बोनेटपर्यंत ती शेव्हरोले आहे. बोनेटच्या मागे जे आहे, ते कुठल्याच कॅटलॉगात सापडत नाही.

आता ही मागची बाजू नीट बघा. इथे दार आहे. सलून, म्हणजे बंद टपाच्या गाडीला मागे दार कशाला? आणि तेही ४२ इंच रुंद. आत सीट एकच, ड्रायव्हरमागे डाव्या अंगाला, एका माणसापुरती. उजवीकडे लांबच लांब सपाट फळी. छताला चार पितळी कड्या. फळीखाली एक खण, आतून जस्ताचा पत्रा मारलेला, आणि तळाला पाणी निघून जायला भोक.

जुन्या गाड्यांचे एक जाणकार येऊन बघून गेले. त्यांचा सल्ला सरळ होता, ही भेसळ आहे, वरचं सगळं उतरवा, फॅक्टरीसारखी उघडी टूरर बॉडी चढवा, किंमत येईल. असा सल्ला बऱ्याच गाड्यांना मिळतो आणि बरेच जण तो ऐकतात. नानांनी ऐकला नाही, यासाठी त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडे.

[दृश्य: डाव्या दाराचा पत्रा सुटतो. आतलं लाकूड.]

पत्रा सुटला आणि आत सागवान निघालं. पेठहून बोलावलेल्या सुतारमिस्त्रींनी नख मारून बघितलं, वास घेतला, म्हणाले, “नाना, हा आपल्याकडचाच साग. डांगाकडचा. असा आता मिळायचा नाही.”

कारखान्यात बनलेल्या बॉडीतही त्या काळी लाकडी सांगाडा असायचाच, पण तो यंत्रावर कापलेला, एकासारखा एक. इथे प्रत्येक खांबावर वाकसाचे, सुताराच्या हातहत्याराचे, घाव आहेत. सांध्यात खाचेत बसणारं कुसू बसवलेलं आहे, वरून लाकडी खुंटी मारलेली आहे, स्क्रू फक्त बिजागऱ्यांना. दाराच्या वरच्या कोपऱ्यातला हा जोड बघा. पावसाचं पाणी सांध्यात मुरू नये म्हणून खाचेला आतून जरासा उतार दिला आहे, जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा. बाहेरून हे कधीच कुणाला दिसणार नव्हतं. नाशिकच्या जुन्या वाड्यांच्या खिडक्या ज्यांनी केल्या, त्याच घडणीचा हा हात आहे. मिस्त्रींनी तो जोड उघडला, पुसला आणि तसाच परत बसवला.

कुजलेलं लाकूड तेवढं काढलं. पाडलेल्या वाड्यांच्या जुन्या तुळया मिळतात, त्यातलं सागवान घेतलं. नवा तुकडा जुन्याला जोडताना मिस्त्रींनी यंत्राचा रंधा वापरला नाही. “मशीनचा रंधा गुळगुळीत करतो, पण जुन्याशी त्याचं जमत नाही,” हे त्यांचं म्हणणं.

[दृश्य: फळी उलटी करतात. कावेने काढलेली अक्षरं.]

आणि मग ही फळी उलटली.

प्रत्येक खांबाच्या आतल्या अंगाला पटाशीने खुणा केलेल्या होत्या, त्या आधी कुणाच्या लक्षात आल्या नव्हत्या. फळीवरची ही ओळ मात्र कावेने लिहिलेली, ठसठशीत. मोडी. पंचवटीतल्या एक बाई जुने दस्त वाचून देतात, त्यांना गॅरेजमध्ये आणलं. खांबांवरच्या खुणा त्यांनी उभ्या उभ्या वाचल्या. उजवा तीन, डावा तीन, उजवा चार. सुताराने जोडणीसाठी घातलेले नंबर. फळीपाशी त्या खाली बसल्या, चष्मा पुसला आणि बोट ठेवून वाचलं,

“मागील दार दोन वीत जास्त रुंद करणे.”

म्हणजे दार आधी अरुंद ठरलं होतं. मग कुणीतरी सांगितलं, वाढवा. दोन वीत म्हणजे दीड फूट. काम थांबवून, माप बदलून, हे दार मुद्दाम मोठं केलं गेलं. आणि बांधणारे मराठी लिहिणारे होते.

[दृश्य: मागचे कमानपाटे.]

ही गाडी कशासाठी बांधली, याचा दुसरा पुरावा खाली सापडला. हे मागचे कमानपाटे, म्हणजे धक्के झेलणारे पात्यांचे स्प्रिंग. मालासाठी किंवा प्रवाशांसाठी गाडी बांधणारा माणूस पाटे वाढवतो. इथे उलट आहे. यू-बोल्ट लांब आहेत, आणि मधली जागा भरायला लोखंडी पट्टी घातलेली आहे, कारण पाती काढून टाकली आहेत. वजन पेलण्याची ताकद कमी केली, का? तर धक्का कमी बसावा म्हणून.

तिसरी गोष्ट रंगाची. ओला पॉलिश पेपर फिरवत गेलं की वरचा काळा जातो, खाली हिरवा लागतो, आणि सगळ्यात खाली, लाल प्रायमरच्या अंगावर, पांढरा.

आडवी फळी. रुंद मागचं दार. टांगायच्या कड्या. बर्फ ठेवता येईल असा खण. मऊ पाटे. पांढरा रंग. सोबतीला बसणाऱ्यासाठी एकच जागा. आणि नाशिक रोड स्टेशनपासून जवळच देवळाली, जिथल्या कोरड्या हवेसाठी मुंबईचे क्षयाचे रोगी येत, जिथे आरोग्यधामं होती, लष्कराची छावणी होती. कागद एकही नाही. पण हे सगळं एका ओळीत ठेवलं की ही गाडी आजारी माणसाला झोपवून न्यायला बांधली, असंच वाटत राहतं. गॅरेजमधल्या पोरांनी तर तिला ‘दवाखाना’ म्हणायला सुरुवातही केली आहे.

[दृश्य: रात्र. भट्टी. व्हाइट मेटलचं ओतकाम.]

इंजिनाचं काम भद्रकालीत झालं. या इंजिनात आजच्यासारखे तयार बेअरिंगचे शेल नसतात. क्रँकला तीन ठिकाणी आधार, आणि तिथे व्हाइट मेटल, म्हणजे बेअरिंगचा मऊ मिश्रधातू, ओतून बेअरिंग जागेवर घडवायचं. हे करणारे हात आता फार थोडे उरले आहेत.

जुनं धातू वितळवून काढलं. जागा घासून कथिलाचा हात दिला, म्हणजे नवं धातू नीट धरतं. मग ब्लॉक तापवला. कढईतला रस तयार झाला की नाही, हे ओतकाम करणारे चाचा मीटरवर बघत नाहीत. सुकी काडी बुडवतात. काडी तपकिरी पडली पाहिजे, पेटता कामा नये. पहिल्या वेळी ती पेटली. चाचांनी आच कमी केली, थांबले, परत बुडवली. “अब देखो,” म्हणाले, आणि एका धारेत ओतलं. मध्ये धार तुटली तर सगळं परत.

पुढचं काम दिसायला काहीच नाही, पण खरं ते हेच. क्रँकला निळा रंग लावायचा, बसवायचा, फिरवायचा, काढायचा. जिथे निळं लागलं तिथे उंचवटा, तेवढाच खरवडायचा. परत निळं. परत खरवड. दिवसच्या दिवस.

[दृश्य: भांडी बाजार. तांबटाचं दुकान.]

छताच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांना पत्रा दोन्ही बाजूंनी वळलेला आहे. एक कोपरा गंजून गेला होता. डेंटिंगवाल्यांनी तुकडे जोडून, लांबी म्हणजे पुट्टी भरून द्यायची तयारी दाखवली. नाना तो पत्रा घेऊन भांडी बाजारात गेले, हंडे-कळशा घडवणाऱ्या तांबटांकडे. त्यांनी मोटारीचं काम आधी केलेलं नव्हतं. त्यांनी जुना कोपरा हातात फिरवला, आतून चाचपला आणि विचारलं, “हे कोणी ठोकलंय? हे आमच्यातलंच काम आहे.”

मग लाकडी मोगरी घेऊन बसले.

[निवेदन थांबतं. फक्त ठोक्यांचे आवाज.]

रेडिएटरचं डाग देणं, वायरिंग, काथ्या घालून केलेली गादी, टायर, ही कामं आजूबाजूच्या कारागिरांनी केली. रंग पांढरा दिला, हाताच्या गनने.

[दृश्य: हँडल मारतात.]

पहिलं हँडल. दुसरं. आणि…

[निवेदन थांबतं. इंजिन सुरू होतं.]

गाडी द्वारकेहून मखमलाबादला स्वतःच्या चाकांवर गेली, पहाटे, रस्ता मोकळा असताना.

नोंदणी मात्र अडली आहे. २०२१च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, पण मूळ रूप बदललेलं नसावं लागतं, आणि पहिल्या नोंदणीचा कागद हाताशी नाही. ही बॉडीच हिचं मूळ रूप आहे. सागवान तेच सांगतं, खांबांवरचे नंबर तेच सांगतात. हे पटवून द्यायला एक जुना फोटो पुरेल.

देवळालीत, नाशिक रोडला, भगूरला ज्यांची घरं तीन-चार पिढ्यांची आहेत, त्यांनी जुने अल्बम काढून बघावेत. लग्नाचे, स्टेशनचे, आरोग्यधामाच्या आवारातले, कुठलेही. पांढरी, उंच टपाची, मागे दार असलेली गाडी कोपऱ्यात जरी दिसली तरी या व्हिडिओखाली कळवा. फोटोच्या मागे काही लिहिलेलं असेल तर तेही पाठवा. मोडीत असलं तरी चालेल, वाचायला माणूस आहे.