कार्बोलिकचा वास

(दृश्य : अमळनेर स्टेशन, सकाळ)

ताप्ती व्हॅली रेल्वे आली आणि खान्देश थेट सुरतेला जोडला गेला. इथून कापसाच्या गाठी जायच्या. त्याच गाडीतून एक तरुण डॉक्टरीण सुरतेहून अमळनेरला उतरते, तिथून एका लेखिकाबाईंची, अजून छापायची असलेली कादंबरी सुरू होते. काळ १९०६ च्या आधीचा. पूर्व आणि पश्चिम असे तुकडे तेव्हा पडले नव्हते, खान्देश एकच जिल्हा होता.

नायिका काल्पनिक आहे. ती जिच्या हाताखाली शिकली, त्या डॉ. रखमाबाई मात्र खऱ्या. अकराव्या वर्षी लग्न झालं. पुढे नवऱ्याकडे नांदायला त्यांनी नकार दिला. १८८७ मध्ये कोर्टानं बजावलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. त्या म्हणाल्या, तुरुंग चालेल. पुढे लंडनला शिकून १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या आणि सुरतेत बायकांचा दवाखाना सांभाळला.

(दृश्य : लेखिकेचं टेबल, वही जवळून)

लेखिकाबाई निवृत्त शिक्षिका. हे पान बघा, लाल शाईनं किती वेळा खोडलंय! स्टेशनचा तारमास्तर नायिकेवर जीव लावून आहे. ती आली हे त्याला पावलांवरून कळत नाही, हाताच्या कार्बोलिकच्या, म्हणजे जंतू मारायच्या औषधाच्या, वासावरून कळतं. पहिल्या खर्ड्यात इथे अत्तर होतं. बाईंनी ते काढलं. दिवसभर बाळंतपणं करणाऱ्या बाईच्या हाताला अत्तराचा वास कुठला?

आपण पहिल्या डॉक्टर बायकांचे फोटो लावले, हार घातले. त्यांनाही कुणी आवडलं असेल, हे लिहायचं राहूनच गेलं.

(दृश्य : जुनं घर, अंधारी खोली, बाज, विळा)

बाळंतिणीच्या खोलीचं प्रकरण सगळ्यात मोठं. सुईणीला बाईंनी खलनायिका केलेलं नाही. डॉक्टरीण नाळ कापायचा विळा उकळत्या पाण्यात टाकायला लावते, आणि मूल आडवं आलंय हे हातानं चाचपून आधी सुईणच सांगते. बाजेवरची पोर खान्देशच्या अहिराणी बोलीत कण्हते, "मन्हं पोट दुखस, माय." पुस्तकी मराठीत ही कळ उतरलीच नसती.

(दृश्य : ओट्यावर वाचन)

शेवटच्या प्रकरणावर बायांचं भांडण जुंपलंय. लग्न केलं तर दवाखाना सुटेल का? एक आजी म्हणते, "लगीन करू दे तिले, दवाखाना बी चालू दे."

शहरातल्या एका प्रकाशकानं अहिराणी काढा म्हणून सांगितलं. बाईंनी नाही म्हटलं. आता छपाईसाठी गावातच वर्गणी जमते आहे.