रक्तगटामागचं एक अक्षर

नमस्कार श्रोतेहो. रक्तगट कोणता, असं कुणी विचारलं की आपण पटकन सांगतो, ए पॉझिटिव्ह, नाहीतर ओ निगेटिव्ह. पण हा फरक पडतो कशानं?

तांबड्या पेशींवर साखरेच्या रेणूंच्या बारीक साखळ्या असतात. ए गटात साखळीच्या टोकाला एक साखर जोडलेली असते, बी गटात वेगळी, आणि ओ गटात ते टोक मोकळंच राहतं. हे जोडकाम करणारं एन्झाइम नवव्या गुणसूत्रावरच्या एबीओ जनुकावरून तयार होतं. त्यात ३५४ अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनाचे घटक. ए आणि बी यांच्यात फरक फक्त ४ आम्लांचा! ओ गटाचं तर याहून नवल. बहुतेक ओ जनुकांत डीएनएचं एकच अक्षर गळालेलं असतं. डीएनए तीन-तीन अक्षरांनी वाचला जातो, त्यामुळे एक गळालं की पुढचं सगळं वाचन सरकतं आणि एन्झाइम निकामी होतं. शास्त्रज्ञ कार्ल लँडस्टायनर यांनी हे गट १९०१ साली मांडले. ही अक्षरं उलगडायला मात्र १९९० उजाडलं.

अँटिसीरमचा, म्हणजे ठरावीक गटाच्या पेशींच्या गुठळ्या करणाऱ्या द्रवाचा, थेंब टाकला की काही मिनिटांत गट कळतो, मग डीएनए तपासायचा कशाला? थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या मुलाचा विचार करा. त्याला वरचेवर रक्त चढवतात. त्याच्या नमुन्यात स्वतःच्या पेशी आणि दात्यांच्या पेशी मिसळलेल्या असतात. केल, डफी, किड असे इतर गट पाहताना अँटिसीरमला त्या वेगळ्या काढता येत नाहीत. पांढऱ्या पेशींतल्या डीएनएवरून मात्र मुलाचे मूळ गट कळतात. आपण गटापुढे पॉझिटिव्ह-निगेटिव्ह म्हणतो, तो आरएच गट. आई आरएच निगेटिव्ह असेल, तर पोटातल्या बाळाचा आरएच गटही आईच्याच रक्तातून समजू शकतो, कारण बाळाच्या डीएनएचे तुकडे तिच्या रक्तात फिरत असतात. गर्भाशयात सुई घालावी लागत नाही, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

तरी नुसत्या एबीओ जनुकावर विसंबून चालत नाही. १९५२ साली डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत 'बॉम्बे' रक्तगट नोंदवला. या लोकांत एच नावाची मूळ साखळीच पुरी होत नाही. जनुक ए असलं, तरी साखर जोडणार कुठे? पेशी तपासल्या तर गट ओ दिसतो, पण ओ रक्त चढवलं तर जिवावर बेततं. त्यांच्या सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणाऱ्या पाण्यासारख्या भागात, ओ पेशी टाकल्या की गुठळ्या होतात आणि खरा गट उघड होतो. म्हणून चांगल्या रक्तपेढीत पेशींबरोबर सीरमही तपासतात, आणि पिशवी देण्याआधी क्रॉसमॅच, म्हणजे दात्याच्या पेशी रुग्णाच्या सीरमशी जुळतात का याची तपासणी, करतात.