एलएसटी-३२५ : वाळूवर चढणारे जहाज

इंडियाना राज्यातील इव्हान्सव्हिल शहरात, ओहायो नदीच्या काठी उभ्या असलेल्या एलएसटी-३२५ (एलएसटी म्हणजे ‘लँडिंग शिप, टँक’, रणगाडे किनाऱ्यावर उतरवणारे जहाज) या दुसऱ्या महायुद्धातील जहाजाच्या तोंडाची दोन पोलादी दारे आता उघडत आहेत. याच वाटेने रणगाडे थेट वाळूवर उतरत असत.

जिथे धक्का नाही अशा किनाऱ्यावर अवजड रणगाडे उतरवायचे कसे, या प्रश्नाचे उत्तर अमेरिकी नौदलाचे जहाज-रचनाकार जॉन नीडरमायर यांनी १९४१ मध्ये आराखड्यात मांडले. महासागर ओलांडताना जहाज पाण्यात खोल बसायला हवे आणि किनाऱ्याला लागताना मात्र ते उथळ पाण्यातही तरायला हवे. म्हणून त्याच्या पोटात टाक्या ठेवल्या, ज्या खोल समुद्रात पाण्याने भरायच्या आणि किनारा जवळ आला की उपसून टाकायच्या. हा मागचा नांगर पाहा. किनाऱ्याकडे येतानाच तो समुद्रात सोडला जाई, सपाट तळ वाळूवर चढे, रणगाडे उतरत, आणि मग त्याच नांगराची तार गुंडाळत जहाज स्वतःला मागे ओढून घेई. इतकी साधी आणि इतकी चोख योजना नौकाबांधणीत क्वचितच आढळते.

फिलाडेल्फियाच्या गोदीत बांधलेले हे जहाज फेब्रुवारी १९४३ मध्ये नौदलात दाखल झाले. इटलीतील सिसिली आणि सालेर्नो येथील मोहिमांनंतर ७ जून १९४४ रोजी त्याने फ्रान्समधील नॉर्मंडीच्या ओमाहा किनाऱ्याजवळ सैनिक आणि वाहने उतरवली, आणि पुढील एप्रिलपर्यंत इंग्लिश खाडीच्या चाळीसहून अधिक फेऱ्या केल्या. डिसेंबर १९४४ मध्ये ‘एम्पायर जॅव्हलिन’ या बुडत्या सैनिकवाहू जहाजावरील सुमारे ७०० जणांना वाचवण्यात त्याचा वाटा होता.

१९६४ मध्ये ते ग्रीक नौदलाकडे गेले आणि ‘सिरॉस’ नावाने १९९९ पर्यंत राबले. त्यानंतर ते भंगारात जाऊ नये म्हणून सरासरी बहात्तर वर्षे वयाचे निवृत्त अमेरिकी नौसैनिक स्वतः ग्रीसला गेले, त्यांनी यंत्रे दुरुस्त केली, आणि भूमध्य समुद्र व अटलांटिक ओलांडून १० जानेवारी २००१ रोजी ते अलाबामातील मोबील बंदरात आणले. या छायाचित्रांतील चेहरे त्यांचेच आहेत.

इव्हान्सव्हिलच्या गोदीने युद्धकाळात अशी १६७ जहाजे बांधली. ३२५ त्यांपैकी नव्हे, तरी २००५ पासून या शहराने त्याला घर दिले आहे. यंत्रघरातील ही डिझेल इंजिने आजही चालू होतात, त्यांच्याच बळावर जहाज नदीप्रवासाला निघते, आणि त्यांची देखभाल स्वयंसेवक करतात.