गोळ्या येतात कुठून?

[दृश्य : नागपूरच्या फुटाळा तलावाचा काठ, संध्याकाळ. कठड्यावर चार मुलं, चौघांच्या हातात मोबाइल आडवा.]

एके-47 च्या मॅगझिनमध्ये 30 गोळ्या मावतात. ट्रिगर दाबूनच धरला, तर त्या मिनिटाला साधारण 600 च्या वेगाने सुटतात. म्हणजे तीन सेकंदांत मॅगझिन रिकामं. आता तुमच्या आवडत्या युद्धपटातला शेवटचा हल्ला डोळ्यांसमोर आणा. नायक ओरडत, गोळ्या झाडत शत्रूच्या बंकरवर धावून जातोय. मोजा. तीन सेकंद झाले. दहा झाले. गडी थांबायचं नाव घेत नाही.

ही पोरं मात्र थांबतात.

"अबे, रिलोड करून राहिलो ना! कव्हर दे बे!"

बीजीएमआय, म्हणजे पबजीचा भारतीय अवतार, खेळणाऱ्याला गोळ्या शोधाव्या लागतात, उचलाव्या लागतात, बॅगेत किती मावतील ते बघावं लागतं. 7.62 मिलिमीटरची गोळी 5.56 च्या बंदुकीत चालत नाही, हे आठवीतल्या पोराला पाठ असतं. पबजीवर सप्टेंबर 2020 मध्ये बंदी आली, जुलै 2021 मध्ये तो भारतापुरतं नवं नाव घेऊन परतला, मग पुन्हा गेला, 2023 मध्ये पुन्हा आला. पोरं बिघडवतो म्हणून या खेळाला आपण कितीही शिव्या घातल्या, तरी गोळ्यांच्या हिशेबात तो आपल्या बहुतेक युद्धपटांपेक्षा प्रामाणिक आहे, हे कबूल करायला हवं.

गोची एवढीच, की खेळात गोळ्या ओसाड घरांमध्ये आयत्या पडलेल्या असतात. त्या तिथे आणून कोण ठेवतं, ते खेळ सांगत नाही. सिनेमा तर त्या वाटेलाच जात नाही. नागपूरकरांनी मात्र हा प्रश्न विचारायलाच हवा, कारण उत्तर आपल्या घराजवळ आहे.

[दृश्य : अमरावती रोड, वाडीच्या दिशेने. कारखान्याची लांबच लांब कुंपणभिंत. शिफ्ट सुटल्यावरच्या दुचाकी.]

अंबाझरीची ऑर्डनन्स फॅक्टरी. 1962 च्या चीन युद्धाने दारूगोळ्याची तूट उघडी पाडली आणि साठच्या दशकात विदर्भात एकामागून एक कारखाने उभे राहिले. सीमेपासून लांब, देशाच्या मधोमध. अंबाझरीत मुख्यतः धातूचं काम चालतं : तोफगोळ्यांच्या शेल बॉडी, म्हणजे बाहेरची कवचं, आणि पिनाक रॉकेटचे भाग. भंडाऱ्याच्या जवाहरनगरात स्फोटकं आणि प्रोपेलंट, म्हणजे गोळा पुढे ढकलणारी दारू. भद्रावतीजवळच्या चांदा फॅक्टरीत गोळ्यांमध्ये दारूची भरणी होते. आणि वर्धा जिल्ह्यात पुलगावला साठवण, देशातलं सगळ्यात मोठं दारूगोळा भांडार.

1999 च्या कारगिल युद्धात भारतीय तोफखान्याने तोफगोळे, बॉम्ब आणि रॉकेटं मिळून अडीच लाखांवर मारा केला. हा आकडा पडद्यावर चार-सहा स्फोटांत उरकतो. त्यातला प्रत्येक गोळा आधी कुठेतरी घडवला, भरला, तपासला, खोक्यात घातला, रेल्वेत चढवला आणि शेवटी डोंगरावर वाहून नेला गेला होता. या उस्तवारीला पटकथेत जागा नसते, कारण तिच्यात संवाद नाहीत. वायुसेनेचंही तेच. नागपूरच्या वायुसेना नगरात हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे. विमानांची दुरुस्ती आणि सुटे भाग ही तिची जबाबदारी. सुट्या भागावाचून विमान जमिनीवर उभं राहतं, आणि उभ्या विमानावर कोणी सिनेमा काढत नाही.

[दृश्य : बर्डी मेन रोड. कपड्यांच्या हातगाड्या. कॅमेरा वर सरकतो, झाडीआड सीताबर्डीचा किल्ला.]

बर्डीत मिलिटरी प्रिंटच्या पँटी कायम दिसतात. सैन्याने 15 जानेवारी 2022 ला जो नवा लढाऊ गणवेश आणला, त्याचं डिझाइन मात्र सैन्याच्या नावावर नोंदलेलं आहे. ते गाडीवर विकता येत नाही. असो.

त्याच गाड्यांच्या वर ती टेकडी आहे, जिच्यावर 26 आणि 27 नोव्हेंबर 1817 ला नागपूरची लढाई झाली. एका बाजूला अप्पासाहेब भोसल्यांची फौज, संख्येने कितीतरी पटींनी मोठी. दुसऱ्या बाजूला रेसिडेंट, म्हणजे दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी, जेनकिन्स आणि लेफ्टनंट कर्नल स्कॉट यांची कंपनी सरकारची तुकडी, अवघी तेराशे-चौदाशे माणसांची. बर्डीला टेकड्या दोन, एक मोठी, एक लहान. लढाई रात्रभर चालली. सकाळी भोसल्यांच्या अरब शिपायांनी लहान टेकडी जिंकली आणि तिथूनच मोठ्या टेकडीवर मारा सुरू केला. इंग्रजांचं संपल्यातच जमा होतं. मग कॅप्टन फिट्झजेराल्डच्या घोडदळाने खाली मैदानात मुसंडी मारली.

चित्रपट निघाला, तर कॅमेरा त्या घोड्यांवरच राहील. आणि ते दृश्य आहेही देखणं. पण लहान टेकडीवर त्याच सुमारास दारूगोळ्याचा एक गाडा अचानक उडाला. अरबांत गोंधळ माजला, आणि तेवढ्यात इंग्रजांनी टेकडी परत घेतली. भोसल्यांचं राज्य तिथून घसरणीला लागलं, ते पुन्हा सावरलं नाही. एक दारूचा गाडा! शूरांची कमतरता तिथे दोन्ही बाजूंना नव्हती.

नागपुराने या पराभवाची आठवण आपल्या पद्धतीने ठेवली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळ्या मारबतीची, म्हणजे एका मोठ्या पुतळ्याची, मिरवणूक निघते, 1881 पासून. ती मारबत म्हणजे इंग्रजांना मिळालेली भोसले घराण्यातली बाकाबाई, असं इथे सांगतात. फितुरीची गोष्ट रस्त्यावर नाचवता येते. गाड्याचा पुतळा करून कोण मिरवणार?

[दृश्य : कामठी. छावणीचा रस्ता, सकाळची धुकट वेळ. दूरवर कवायतीच्या आरोळ्या.]

कन्हान नदीकाठच्या या छावणीत ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं रेजिमेंटल सेंटर आहे. 'पहला हमेशा पहला' हे त्यांचं ब्रीद. 1971 च्या डिसेंबरात पूर्व आघाडीवर, गंगासागरला, चौदाव्या गार्ड्सच्या लान्स नायक अल्बर्ट एक्का यांनी जखमी असताना मशीनगन बंद पाडली आणि मरणोत्तर परमवीर चक्र मिळवलं. असा प्रसंग सिनेमाला हवाच असतो. तो संपतो काही मिनिटांत. त्याआधीचं सगळं अशा केंद्रांत घडतं : कवायत, धावणं, रायफल उघडून साफ करून पुन्हा जोडणं, आणि उद्या तेच. सिनेमात प्रशिक्षणाला एक गाणं मिळतं आणि गाणं संपेपर्यंत भित्रा पोरगा कमांडो झालेला असतो.

अमेरिकी लष्कराने 2002 मध्ये भरतीच्या प्रचारासाठी स्वतःचाच गेम काढला, 'अमेरिकाज आर्मी'. वीस वर्षं चालवून 2022 मध्ये तो बंद केला. त्यात वैद्यकीय मदतनीस व्हायचं असेल, तर खेळाडूला आधी आभासी वर्गात बसून व्याख्यान ऐकावं लागे आणि परीक्षा द्यावी लागे. कंटाळा हाही सैनिकी पेशाचा भाग आहे, हे जाहिरातबाजीसाठी काढलेल्या खेळालाही दाखवावंसं वाटलं, याची मला गंमत वाटते.

[दृश्य : अंधाऱ्या आकाशात ठिणग्यांची रांग. क्लिप अस्पष्ट, हलणारी. मग त्याच क्लिपच्या कोपऱ्यात गेमची खूण.]

मे 2025. ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत असले व्हिडिओ आपल्या सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर आले. त्यातले काही गेममधले होते, आणि पीआयबी या केंद्र सरकारच्या माहिती विभागाच्या फॅक्ट चेकने तसं सांगितलंही. अशा भेसळीत 'आर्मा 3' या चेक कंपनीच्या खेळाचं चित्रीकरण वारंवार सापडतं. इतकं, की 2022 मध्ये कंपनीनेच ओळखायच्या खुणा जाहीर केल्या : चित्र धूसर, कॅमेरा हलता, वेळ बहुधा रात्रीची, आवाज नसलेला आणि माणसं हालचाल करताना दिसत नाहीत. फुटाळ्यावरच्या पोरांनी ती क्लिप पाच सेकंदांत ओळखली असती. फसले ते त्यांचे काका.

वृत्तवाहिन्यांनी त्यावर सायरन लावले. शेवटी 10 मे ला नागरी संरक्षणाच्या महासंचालनालयाला सांगावं लागलं, की हवाई हल्ल्याचा सायरन कार्यक्रमात वाजवू नका. कारण सरळ आहे. वरखाली होणारा सायरन म्हणजे आडोसा घ्या, एकसुरी म्हणजे धोका टळला. बातम्यांचं पार्श्वसंगीत म्हणून तो दिवसभर कानांवर पडला, तर खरा वाजेल तेव्हा कोणी जागचं हलणार नाही. हे शिकवणारं राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय 1957 मध्ये नागपुरातच सुरू झालं.

[दृश्य : कारखान्याच्या पटांगणात नव्या ड्रोनची चाचणी.]

नव्या काळाचं शस्त्रही इथलंच. नागपुरात तयार झालेल्या नागास्त्र-1 या आत्मघाती ड्रोनची पहिली खेप 2024 मध्ये सैन्याला मिळाली. वजन सुमारे नऊ किलो, जवान पाठीवर नेऊ शकतो. लक्ष्य सापडलं नाही किंवा मोहीम रद्द झाली, तर ते पॅराशूटने खाली उतरवून परत वापरता येतं. धडाम न करता परत येणारं शस्त्र पटकथाकाराच्या काय कामाचं?

[दृश्य : पुलगाव, भांडाराकडे जाणारा रस्ता. मग जवाहरनगर, कारखान्याचं फाटक.]

31 मे 2016 च्या पहाटे पुलगावच्या भांडारात आग लागली. मृतांत दोन लष्करी अधिकारी होते, पण बहुतेक जण अग्निशमन दलाचे कर्मचारी होते. पेटलेल्या शेडकडे ते बंब घेऊन गेले होते. 24 जानेवारी 2025 ला भंडाऱ्याच्या कारखान्यात स्फोट झाला आणि किमान आठ कामगार गेले. युद्धपट संपताना काळ्या पडद्यावर शहिदांची नावं सरकत जातात आणि थिएटरात लोक उभे राहतात. पुलगावचे बंबवाले आणि जवाहरनगरचे कामगार त्या यादीत बसत नाहीत. युद्ध चालू नव्हतं, आणि त्यांची ड्युटी रोजचीच होती.