लाळेत टिकणारं औषध

श्रोतेहो, नमस्कार. दम्याचा स्टेरॉइड पंप घेतल्यावर चूळ न भरणारे, केमोथेरपी चालू असलेले, साखर आटोक्यात नसलेले मधुमेही अशांच्या जिभेवर, टाळूवर पांढरे चट्टे येतात. रात्रीही कवळी न काढणाऱ्यांना कवळीखाली लाली येते. बहुतेक वेळा कारण एकच, कँडिडा ही बुरशी. तिच्यावर औषधं आहेत, पण ती तोंडात टिकत नाहीत. दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ आपण गिळतो आणि तिच्याबरोबर औषधही पोटात जातं. म्हणून तर क्लोट्रिमाझोल या बुरशीनाशकाची 10 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून पाच वेळा चोखावी लागते.

यावर उपाय म्हणजे गालाच्या आतल्या ओल्या अस्तराला चिकटून बसणारी पातळ फिल्म. ती प्रयोगशाळेत कशी करतात ते सांगतो. फिल्मचं मिश्रण ज्यात ओतून सुकवतात त्या 9 सेंटिमीटर व्यासाच्या उथळ बशीचं, म्हणजे पेट्री डिशचं, क्षेत्रफळ साधारण 63.6 चौरस सेंटिमीटर. दोन बाय दोन सेंटिमीटरच्या तुकड्यात 10 मिलिग्रॅम औषध हवं, तर पूर्ण डिशला 159 मिलिग्रॅम लागतं. 600 मिलिग्रॅम एचपीएमसी, म्हणजे जिच्यापासून फिल्म बनते ती पॉलिमरची पूड, आधी गरम पाण्यात भिजवायचं आणि मग थंड करत ढवळायचं. थेट गार पाण्यात टाकली तर गुठळ्या होतात. पॉलिमरच्या 15 टक्के, म्हणजे 90 मिलिग्रॅम ग्लिसरीन घालायचं. कमी पडलं तर फिल्म कडकडीत होऊन तुटते, जास्त झालं तर बोटाला चिकटते. क्लोट्रिमाझोल पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून ते अल्कोहोलमध्ये विरघळवून मिसळतात. खरी गोची इथेच आहे. सुकताना अल्कोहोल आधी उडतं, औषधाचे स्फटिक होतात, फिल्म खरखरीत दिसते आणि औषध सुटण्याचा वेग बिघडतो. थोडं पीव्हीपी हे दुसरं पॉलिमर घातलं तर हे बरंच टळतं. बुडबुडे निघून जावेत म्हणून मिश्रण रात्रभर ठेवायचं आणि मग 40 अंशांवर सुकवायचं.

पकड वाढवायला चिटोसान हे पॉलिमर उत्तम. त्याचा धन प्रभार श्लेष्म्यातल्या, म्हणजे अस्तरावरच्या चिकट स्रावातल्या, ऋण प्रभाराला धरतो. मात्र ते 1 टक्का ॲसेटिक आम्लात विरघळवावं लागतं, आणि त्यात कार्बोपॉल हे ऋण प्रभाराचं पॉलिमर मिसळलं की दोघांचा साका खाली बसतो.

अनेक जण फिल्मच्या मागच्या बाजूला इथाइल सेल्युलोजचा, म्हणजे औषध लाळेत जाऊ न देणारा, थर देतात. औषध रक्तात पोहोचवायचं असेल तर तो योग्य. इथे मात्र बुरशी तोंडभर पसरलेली असते. औषध लाळेत सावकाश मिसळून जिभेपर्यंत, टाळूपर्यंत जायला हवं. त्यामुळे या कामासाठी तो थर नसलेलाच बरा, असं माझं ठाम मत आहे.

फिल्मची पकड बकऱ्याच्या गालाच्या ताज्या अस्तरावर, 6.8 पीएचच्या फॉस्फेट बफरमध्ये, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात, तपासतात. फिल्म फार फुगली तर तिचा बुळबुळीत जेल होऊन ती घसरते, हा नेहमीचा अनुभव. बुरशीवरचा परिणाम पाहायला साबुरो आगार या बुरशी वाढवण्याच्या माध्यमावर कँडिडा वाढवतात आणि तुकड्याभोवती किती जागा मोकळी राहते ते मोजतात.

याच तत्त्वावरची, मायकोनाझोल या दुसऱ्या बुरशीनाशकाची 50 मिलिग्रॅमची गोळी अमेरिकेत 2010 साली मंजूर झाली. ती दिवसातून एकदाच, 14 दिवस लावायची असते. सकाळी दात घासल्यावर, कोरड्या हातांनी, वरच्या पुढच्या दाताच्या वर हिरडीवर ठेवायची आणि ओठावरून 30 सेकंद हलकेच दाबून धरायची. दुसऱ्या दिवशी बाजू बदलायची. वॉरफेरिन हे रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना आधी सांगावं, कारण मायकोनाझोलमुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो.