कॅडींचे सर

(दृश्य: ओढा, सकाळचं कोवळं ऊन)

रिओ ग्रांदे नदीच्या अलीकडे टेक्सास, पलीकडे मेक्सिको. अलीकडच्या काठाजवळ डेल रिओ नावाचं गाव आहे. गावातून एक ओढा वाहतो, आणि १९५०च्या दशकात या ओढ्यालाच सीमेचं महत्त्व होतं. एका अंगाला गोऱ्यांची घरं, दुसऱ्या अंगाला मेक्सिकन वंशाच्या लोकांची सान फेलिपे वस्ती. या वस्तीनं १९२९ साली स्वतःचं वेगळं शाळामंडळ उभं केलं. पुढच्याच वर्षी, आमच्या मुलांना वेगळं का बसवता, हा प्रश्न घेऊन पालक गावच्या शाळामंडळाविरुद्ध कोर्टात गेले. निकाल लागला तो असा: वंशावरून वेगळं बसवू नका, भाषेवरून बसवलं तर चालेल. ऐकायला केवढं सभ्य!

१९५०च्या दशकात जे. बी. पेन्या हे सान फेलिपेच्या शाळांचे सुपरिंटेंडंट, म्हणजे सगळ्या शाळांचे प्रमुख. हायस्कूलच्या गोल्फ संघाची जबाबदारीही त्यांनी अंगावर घेतली. जोडीला हायरम वाल्डेस.

संघात पाच मुलं. पाचही कॅडी, म्हणजे गोल्फ खेळणाऱ्यांच्या काठ्यांची बॅग वाहणारे.

(दृश्य: खांद्यावर बॅग, ओल्या गवतावर बुटांचे ठसे)

गावातल्या कंट्री क्लबचं नावही सान फेलिपेच, पण तेव्हा क्लब गोऱ्यांचा. ही मुलं आत जायची ती दुसऱ्याची बॅग उचलायला. आता कॅडीचं काम नुसतं ओझं वाहण्याचं नसतं. चेंडू कुठे पडला यावर नजर ठेवायची, अंतराचा अंदाज घ्यायचा, ग्रीनचा, म्हणजे चेंडूच्या भोकाभोवतीच्या आखूड गवताचा, उतार कुठल्या बाजूला आहे ते ओळखायचं. गोल्फच्या नियमात एक गंमत आहे: एकट्यानं खेळणाऱ्याला खेळ चालू असताना सल्ला विचारता येतो तो फक्त आपल्या कॅडीला. म्हणजे ज्याला क्लब खेळू देत नव्हता, त्याचंच मत मात्र घेतलं जात होतं.

त्यामुळे पेन्या सरांच्या हाती आलेली पोरं कोरी नव्हतीच. मोठ्यांचे फटके, त्यांच्या चुका, सगळं जवळून पाहिलेली होती. कमी होती ती साधनांची. क्लब, म्हणजे गोल्फच्या काठ्या, दुसऱ्यांनी वापरून टाकलेल्या. सरावाला जागा नाही, म्हणून मुलांनी झुडपं तोडून स्वतःच एक तुकडा मोकळा केला. अशा संघाला राज्य स्पर्धेत घेऊन जायचं, तर स्विंग, म्हणजे काठी फिरवणं, शिकवणं हा त्यातला सोपा भाग असावा, असं मला वाटतं. अवघड होतं ते मुलांना पटवणं, की त्या गवतावर आपणही बॅग न उचलता चालू शकतो.

(दृश्य: स्कोअरकार्डवर पेन्सिल)

१९५७. ऑस्टिन. टेक्सासचं शालेय अजिंक्यपद. गोल्फमध्ये ज्याचे फटके कमी, तो जिंकतो. संघांमध्ये पाच-सात फटक्यांचा फरक पडला तरी विजय चांगला म्हणायचा. सान फेलिपेची मुलं जिंकली ती पस्तीस फटक्यांनी!

(दृश्य: शाळेची आजची पाटी)

१९७१ साली न्यायालयाच्या आदेशानं ओढ्याच्या दोन्ही अंगांची शाळामंडळं एक झाली. सान फेलिपेचं वेगळं हायस्कूल त्याबरोबर संपलं. नव्या मंडळाच्या नावात मात्र सान फेलिपे आधी येतं, डेल रिओ नंतर.